साठ बेडूक, पण पुरावा एकच! प्रजातींची तुलना करताना आपण कुठे घसरतो?

गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. "मामा, तुला आर येतं ना? मला एक टेस्ट चालवून दे, पोस्टरचा सारांश चार दिवसांत पाठवायचाय."

भाची प्राणिशास्त्रात एमएस्सी करते. तिचा विषय होता पश्चिम घाट आणि श्रीलंकेतले झाडाझुडपांवर राहणारे बेडूक. यातल्या बऱ्याच बेडकांना टॅडपोलची अवस्थाच नसते. अंडी जमिनीवर किंवा पानावर घातली जातात आणि त्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर येतो. पाण्यात पोहणारं शेपटीवालं पिल्लू मध्ये येतच नाही. तिची शंका अशी की टॅडपोल नसलेले बेडूक आकारानेही लहान असतात का? पुस्तकं आणि शोधनिबंध चाळून तिने साठ प्रजातींची एक्सेल शीट केली होती. त्यात दोनच रकाने होते: टॅडपोल आहे की नाही, आणि अंगाची लांबी किती.

माझं रोजचं काम डेटाचं. पाच मिनिटांत टेस्ट चालवली. पी-व्हॅल्यू इतकी लहान आली की शून्यं मोजायचा कंटाळा आला. म्हटलं, "घे, झालं तुझं पोस्टर."

दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन, आवाज जरा उतरलेला. तिच्या मॅडमनी शीट बघून एकच प्रश्न विचारला होता: "हे किती वेळा घडलं?"

मला प्रश्नच कळला नाही. साठ प्रजाती आहेत, म्हणजे साठ वेळा, नाही का? तर नाही. असं का, हे समजून घ्यायला मला पुढचे दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी ज्या ज्या खड्ड्यात पडलो, ते सगळे खड्डे या लेखात आहेत. तुम्ही जीवशास्त्रातले नसलात तरी वाचा, कारण यातला मूळ घोळ मशीन लर्निंगमध्येही तसाच होतो.

आधी एक लग्न

समजा तुम्ही एका लग्नाला गेलात. मुलीकडचे वीस आणि मुलाकडचे वीस, अशा चाळीस जणांना तुम्ही दोन प्रश्न विचारले. आमटीत गूळ घालता का? आणि चष्मा आहे का? मुलीकडचे बहुतेक सगळे गूळ घालतात आणि बहुतेकांना चष्माही आहे. मुलाकडे दोन्ही नाही. चाळीस जणांचा तक्ता करून टेस्ट चालवली तर निकाल येईल की गूळ आणि चष्म्याचा घट्ट संबंध आहे.

खरं काय आहे? एका घरात पणजीपासून आमटीत गूळ पडतो, आणि त्याच घरात चष्म्याचा नंबरही वारशाने आलाय. दोन्ही गोष्टी एकाच घरातून आल्या, बस. तुम्ही चाळीस माणसं मोजलीत, पण खरी माहिती दोन घरांची आहे. दोन ठिपक्यांतून रेघ कशीही जाते.

प्रजातींचंही असंच आहे. वाघ आणि सिंह दोघांनाही आत ओढून घेता येणारी नखं आहेत. म्हणून ती नखं दोनदा निर्माण झाली असं कोणी म्हणत नाही. दोघांच्या समान पूर्वजाकडे ती होती आणि दोघांना वारशाने मिळाली. पण हेच वाघ-सिंह एक्सेलच्या दोन ओळींत आले, की आपलं सॉफ्टवेअर त्यांना दोन स्वतंत्र साक्षीदार समजतं.

ही शंका जुनी आहे

१८८८ मध्ये लंडनला मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी जगभरातल्या तीनशे-साडेतीनशे समाजांची माहिती जमवून लग्नाच्या रूढींवर निबंध वाचला. तेव्हा फ्रान्सिस गाल्टन यांनी विचारलं, की यातल्या किती रूढी खरोखर स्वतंत्रपणे निर्माण झाल्या आणि किती एकाच मुळातून पसरल्या? याला आजही "गाल्टनचा प्रश्न" म्हणतात. आमच्या मॅडमचा प्रश्न तोच होता.

जीवशास्त्रात याचं व्यवस्थित उत्तर आलं १९८५ मध्ये. जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी चाळीस प्रजातींचं एक काल्पनिक उदाहरण घेतलं. वीस-वीसचे दोन गट, वरच्या लग्नासारखेच. दोन गुणधर्मांचा एकमेकांशी काहीही संबंध नसताना ग्राफवर मात्र सुंदर संबंध दिसतो, हे त्यांनी दाखवलं आणि त्यावर उपायही दिला. प्रजातींची मूल्यं थेट वापरू नका, वंशवृक्षावरच्या जोड्यांमधले फरक वापरा. वाघ आणि सिंह यांच्यातला फरक हा ते एकमेकांपासून वेगळे झाल्यानंतर तयार झालेला असतो. चितळ आणि सांबर यांच्यातला फरक त्यांचा त्यांचा. हे फरक एकमेकांवर अवलंबून नसतात. दोन फांद्या वेगळ्या होऊन जितका जास्त काळ गेला तितका फरक मोठा असणारच, म्हणून त्याला फांद्यांच्या लांबीच्या वर्गमुळाने भागतात. साठ प्रजातींमधून असे एकोणसाठ फरक मिळतात. या पद्धतीला "इंडिपेंडंट कॉन्ट्रास्ट्स" म्हणतात. पुढे आलेली पीजीएलएस ही रिग्रेशनची पद्धत याच कल्पनेचं जास्त लवचिक रूप आहे.

याने निकाल किती बदलतात? १९९३ मध्ये थिओडोर गारलंड आणि सहकाऱ्यांनी ४९ सस्तन प्रजाती घेतल्या. एकीकडे वाघ-लांडग्यांसारखे मांसाहारी गणातले प्राणी, दुसरीकडे खूरवाले. वजनाचा हिशेब धरल्यावर मांसाहाऱ्यांचा वावराचा इलाखा जास्त मोठा असतो का, हा प्रश्न होता. नेहमीची टेस्ट म्हणाली, हो, नक्कीच. वंशवृक्ष धरून सिम्युलेशन केलं तेव्हा तेवढाच फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो असं दिसलं. मांसाहाऱ्यांना मोठा इलाखा लागत नाही, असं यातून सिद्ध होत नाही. फक्त ते सिद्ध करायला हा डेटा पुरत नाही. ४९ ओळींच्या मागे मुख्य फाटा एकच आहे.

आता चुकांकडे वळू.

चूक १: "वृक्ष टाकला, आता काळजी नाही"

मीही हेच केलं. बेडकांचा वंशवृक्ष मिळवला, कॉन्ट्रास्ट्स काढले आणि पुन्हा टेस्ट चालवली. निकाल अजूनही लक्षणीय! मी खूश. भाचीला कळवायच्या आधी सहज म्हणून ग्राफ काढला. एकोणसाठ ठिपक्यांपैकी जवळजवळ सगळे शून्याजवळ गोळा झालेले आणि एकच ठिपका लांब कोपऱ्यात. माझी रेघ त्या एका ठिपक्यावर टांगलेली होती.

तो ठिपका कुठला होता? पश्चिम घाटातल्या बुश फ्रॉगची मुख्य प्रजात म्हणजे राओर्केस्टिस, आणि तिची श्रीलंकेत भरभराटलेली बहीण म्हणजे स्यूडोफिलॉटस. दोन्हींत मिळून शंभराहून जास्त जाती, दोन्हींमध्ये टॅडपोल नाही आणि बहुतेक बेडूक छोटे. उलट त्याच कुळातला मलबार ग्लायडिंग फ्रॉग पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतो, त्याचे टॅडपोल खाली पाण्यात पडतात, आणि तो स्वतः चांगला मोठा असतो. म्हणजे या दोन बहिणींच्या समान पूर्वजात टॅडपोल गेला, आकारही त्याच सुमारास लहान झाला, आणि त्या एका पूर्वजाचा वंश भरपूर फोफावला. घटना एक, वारस शेकड्याने.

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर "एकदा" असं होतं.

वंशवृक्ष धरणाऱ्या पद्धतीही इथे फसतात हे वेन मॅडिसन आणि रिचर्ड फिट्झजॉन यांनी २०१५ मध्ये स्पष्ट मांडलं. "आहे किंवा नाही" अशा गुणधर्मांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रसिद्ध टेस्टला तुम्ही एकेकदाच घडलेल्या दोन गोष्टी दिल्या, तरी ती संबंध आहे म्हणून सांगते. सस्तन प्राण्यांचंच बघा. सगळ्यांच्या अंगावर केस आहेत किंवा त्यांच्या पूर्वजांच्या अंगावर तरी होते, आणि सगळ्यांच्या मधल्या कानात तीन हाडं आहेत. जुळणी जवळपास शंभर टक्के. म्हणून केसांमुळे कानात हाडं आली का? दोन्ही गोष्टी एका जुन्या वंशात आल्या आणि पुढे हजारो प्रजातींना मिळाल्या, इतकंच आपल्याला कळतं.

यावर उपाय साधा आहे. टेस्टच्या आधी वृक्षाचं चित्र काढा, गुणधर्माला रंग द्या आणि तो रंग किती वेगवेगळ्या ठिकाणी नव्याने उगवलाय ते बोटाने मोजा. कॉन्ट्रास्टचा ग्राफ काढा. एक ठिपका वगळल्यावर निकाल कोसळत असेल, तर तो निकाल त्या एकाच घटनेचा आहे.

चूक २: भलत्याच ठिकाणी तपासणी

"पेजेलचा लॅम्डा" नावाचं एक माप आहे. नातेवाईक प्रजाती एकमेकांसारख्या किती, हे ते शून्य ते एकच्या आसपास सांगतं. बरेच जण आधी प्रत्येक गुणधर्माचा लॅम्डा काढतात. तो जास्त आला तर वंशवृक्षाची पद्धत वापरतात, कमी आला तर साधं रिग्रेशन. ऐकायला पटतं, पण चुकीचं आहे.

रिग्रेशनची अट गुणधर्मांबद्दल नसतेच. ती असते उरलेल्या चुकांबद्दल, म्हणजे रेसिड्यूअल्सबद्दल: रेघेने जे सांगितलं आणि प्रत्यक्षात जे आहे, त्यातला फरक. दोन्ही गुणधर्म नात्यांनी भरलेले असूनही रेसिड्यूअल स्वतंत्र असू शकतात आणि उलटही होऊ शकतं. लियाम रेव्हेल यांनी २०१० मध्ये हे सिम्युलेशनने दाखवलं. म्हणून लॅम्डा वेगळा काढत बसू नका, रिग्रेशनसोबतच काढा. पीजीएलएसमध्ये ती सोय आहे.

चूक ३: नावांचा आणि ओळींचा घोळ

ही चूक कोणी निबंधात लिहीत नाही, पण मला सगळ्यात जास्त हिनेच छळलं.

राओर्केस्टिस हे नाव २०१० मध्ये आलं. सी. आर. नारायण राव या बेडूकतज्ज्ञांच्या सन्मानार्थ ते ठेवलंय. त्याआधी हे बेडूक फिलॉटस या नावाखाली होते. आपल्या आंबोलीच्या बुश फ्रॉगचं वर्णन २००९ मध्ये फिलॉटस आंबोली म्हणून झालं, आज तो स्यूडोफिलॉटस आंबोली आहे. भाचीच्या शीटमध्ये काही नावं जुन्या निबंधांतून आलेली, काही नव्या. वृक्षात सगळी नवी. जुळवणीच्या फंक्शनने न जुळलेल्या प्रजाती काढून टाकल्या आणि एक इशारा छापून पुढे गेलं. तो इशारा मी वाचलाच नव्हता. साठातले सतरा बेडूक गायब, आणि मी निकालावर चर्चा करतोय!

याहून घातक म्हणजे ओळींचा क्रम. काही फंक्शन्सना डेटासोबत प्रजातींची नावं दिली नाहीत, तर ती गृहीत धरतात की शीटमधला क्रम आणि वृक्षाच्या टोकांचा क्रम एकच आहे. तुमची शीट असते अआइई प्रमाणे लावलेली. मग एका बेडकाची लांबी दुसऱ्याच बेडकाला चिकटते. एरर येत नाही, उत्तर मात्र येतं. म्हणून किती नावं जुळली आणि किती गळाली, हे प्रत्येक वेळी छापून बघा.

आणि तो वृक्षही देवाने पाठवलेला नसतो. तो डीएनएवरून काढलेला अंदाज असतो. एकच वृक्ष धरून बसण्यापेक्षा शंभर संभाव्य वृक्षांवर तेच विश्लेषण करून निकाल किती हलतो ते बघणं चांगलं.

चूक ४: जास्त गुंतागुंतीचं मॉडेल जिंकलं, म्हणून गोष्ट रचली

गुणधर्म कसा बदलत गेला याची दोन लोकप्रिय मॉडेल्स आहेत. ब्राउनियन मोशनमध्ये तो दारू प्यायलेल्या माणसासारखा कुठेही झोकांड्या खात जातो. ओयू मॉडेलमध्ये त्याच माणसाच्या कमरेला रबर बांधलंय, लांब गेला की ते मध्याकडे ओढतं. ओयू जिंकलं की लगेच लिहिलं जातं, "निसर्गनिवड या गुणधर्माला एका आदर्श मूल्याकडे खेचते आहे."

नताली कूपर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याबद्दल सावध केलं. वृक्ष लहान असेल, तर डेटा साध्या ब्राउनियन पद्धतीने बनवलेला असतानाही ओयू बरेचदा जिंकतं. मोजमापात थोडी चूक असली तरी तेच होतं, कारण मोजण्यातली चूक जवळच्या नातेवाईकांना उगाच वेगळं दाखवते आणि मॉडेल त्याचा अर्थ "रबर आहे" असा लावतं. कोणी कॅलिपरने मोजलं, कोणी फोटोवरून. त्या फरकाची आपण उत्क्रांतीची कथा करून टाकतो.

यासाठी एक छान सवय लावून घ्या. मिळालेल्या मॉडेलमधून खोटा डेटा तयार करा आणि तो तुमच्या खऱ्या डेटासारखा दिसतो का ते बघा. आणि साध्या मॉडेलच्या खोट्या डेटावर तुमची पद्धत किती वेळा फसते, तेही मोजा.

चूक ५: "या गुणामुळेच प्रजाती वाढल्या"

काही पद्धती विचारतात, एखादा गुण असला की नव्या प्रजाती जास्त वेगाने तयार होतात का? २००७ मध्ये आलेली बिस्से ही त्यातली गाजलेली. २०१५ मध्ये डॅनियल राबोस्की आणि एमा गोल्डबर्ग यांनी दाखवलं, की प्रजाती वाढण्याशी काहीही देणंघेणं नसलेले गुणही या टेस्टमध्ये सहज लक्षणीय ठरतात. कारण पुन्हा तेच. वृक्षाचा एखादा भाग दुसऱ्याच कशामुळे फोफावला असेल, तर त्या भागात योगायोगाने असलेल्या प्रत्येक गुणाला त्याचं श्रेय मिळतं. पुढच्या वर्षी आलेल्या हिस्से पद्धतीत "न मोजलेलं दुसरंच कारण" हा पर्याय स्पर्धेत ठेवला गेला. नुसतं "काहीच घडत नाही" याला हरवून उपयोग नाही, दमदार प्रतिस्पर्ध्याला हरवा.

चूक ६: जिवंतांवरून पूर्वज ओळखणं

आजचे घोडे, झेब्रे, गाढवं बघून त्यांचा पूर्वज केवढा होता सांगा. ब्राउनियन मोशनचा पूर्वजाबद्दलचा सर्वोत्तम अंदाज म्हणजे आजच्या मूल्यांची वजनदार सरासरी. ती आजच्या सगळ्यात छोट्या मूल्याच्या खाली जाऊच शकत नाही. पण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे घोड्याचे पूर्वज कुत्र्याएवढे होते, हे जीवाश्म सांगतात. जीवाश्म नसते तर सॉफ्टवेअरने आत्मविश्वासाने गाढवाएवढा पूर्वज दाखवला असता.

प्राण्यांच्या पलीकडे

२०१३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ कीथ चेन यांचा एक निबंध गाजला. ज्या भाषांमध्ये भविष्यकाळ व्याकरणात वेगळा दाखवावाच लागतो, त्या बोलणारे लोक बचत कमी करतात, असा तो निष्कर्ष. पण भाषांचंही घराणं असतं. मराठी, गुजराती, बंगाली या बहिणी. त्यांना तीन स्वतंत्र साक्षीदार कसं मोजणार? २०१५ मध्ये शॉन रॉबर्ट्स, जेम्स विंटर्स आणि खुद्द चेन यांनी मिळून भाषांची नाती धरून पुन्हा तपासणी केली, तेव्हा तो संबंध बराच कमजोर पडला. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाच्या तपासणीत स्वतःच सहभागी होणं, याला मी सलाम करतो.

आणि आपल्या क्षेत्रात? प्रोटीनवर मॉडेल ट्रेन करताना डेटाचे यादृच्छिक दोन भाग केले, की माणसाचं हिमोग्लोबिन ट्रेनिंगमध्ये जातं आणि चिंपांझीचं टेस्टमध्ये. दोन्ही जवळपास सारखीच. मॉडेल नव्वद टक्के बरोबर येतं आणि आपण पार्टी करतो. खरं तर त्याने प्रश्नपत्रिका आधीच पाहिली होती. म्हणून जाणकार लोक आधी नातेवाईक प्रोटीन्सचे गट करतात आणि आख्खा गटच एका बाजूला ठेवतात.

मग पोस्टरचं काय झालं?

चार दिवसांची मुदत हुकली. भाची दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं, कारण "झालं तुझं पोस्टर" म्हणणारा मीच होतो.

मग तिने प्रश्नच बदलला. टॅडपोल गमावणं जगात बेडकांमध्ये अनेकदा स्वतंत्रपणे घडलंय: पोर्तो रिकोच्या कोकीच्या घराण्यात, आफ्रिकेतल्या आर्थ्रोलेप्टिसमध्ये, न्यू गिनीच्या अरुंद तोंडाच्या बेडकांमध्ये. आता ती अशा प्रत्येक घटनेसाठी टॅडपोल नसलेला गट आणि त्याची टॅडपोल असलेली जवळची बहीण अशी जोडी लावतेय. शीटमध्ये साठ ओळींऐवजी सध्या नऊ ओळी आहेत. पी-व्हॅल्यू अजून काढलेली नाही. सॉलोमन बेटांकडच्या एका कुळात टॅडपोल नसूनही बरेच मोठे बेडूक निघाल्यामुळे तिचा अंदाज टिकेल की नाही, हेही माहीत नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या परिषदेची मुदत आहे. या वेळी तिने मला फक्त नावं जुळवायला बसवलंय.